टाचेतला थेंब आणि मोजणारं यंत्र

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता, तांदूळ निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल. आज आपण एका थेंबाची गोष्ट करणार आहोत. लेकराच्या टाचेतून नाहीतर बोटातून काढतात ना, तो रक्ताचा थेंब. तो आधी कसा मोजायचे, मग यंत्र कसं आलं, आणि यंत्र आल्यावरही आपल्या लेकरांना दोनदोनदा सुई का टोचावी लागते, हे समजून घेऊ.

हा विषय आम्ही उगाच घेतलेला नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका आजींच्या नातीला ताप आला. पोर पाच महिन्यांची. ताप उतरेना म्हणून दवाखान्यात नेली, टाचेला टोचून रक्त घेतलं आणि नळी शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, “रक्त गोठलंय, नमुना बाद झाला. बाळाला परत घेऊन या.” पुन्हा पावसात एसटी, पुन्हा सुई, पुन्हा तो आकांत. आजी आम्हाला म्हणाल्या, “तिकडं लाखो रुपयांचं यंत्र आहे म्हणता. मग माझ्या नातीचं चार थेंब रक्त त्याला मोजता येऊ नये?”

प्रश्न अगदी बरोबर होता आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

डोळ्यांनी मोजायचा काळ

पूर्वी रक्त कमी आहे का, हे वैद्य आणि डॉक्टर डोळ्यांनीच ठरवायचे. पापणी खाली ओढून पाहायची, नखं पाहायची, जीभ पाहायची. आपल्या सासवा-आज्याही “पोरगं पांढरं पडलंय” असं म्हणायच्या, ते याच नजरेनं. ती नजर वाया गेलेली नाही, आजही डॉक्टर पापणी पाहतात. पण फार कमी झालेलं रक्त नजरेला दिसतं, थोडं कमी असेल तर चुकतं.

रक्तातला लाल रंग ज्याच्यामुळे येतो त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम त्याचं. ते मोजण्याची सोपी युक्ती १८७८ मध्ये इंग्लंडमधल्या गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी काढली आणि १९०२ मध्ये स्वित्झर्लंडच्या साली या डॉक्टरांनी ती सुधारली. आज साठीत असलेल्या ताईंना ही साली पद्धत आठवत असेल. पहिलटकरीण असताना दवाखान्यात बोटाला टोचायचे, बारीक काचेच्या नळीनं रक्त ओढायचे आणि ते आम्लात टाकायचे. लाल रक्त तपकिरी व्हायचं. मग त्यात थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा.

चहात दूध घालताना आपण रंग बघतो, तसंच हे. पण तुमचा चहा आणि जावेचा चहा एका रंगाचा होतो का? खिडकीपाशी बसलेल्या बाईंना एक रंग दिसायचा, ट्यूबलाइटखाली दुसरा. दोन माणसांनी एकच नळी वाचली तर आकडे वेगळे यायचे. रक्त थोडं कमीजास्त ओढलं गेलं तर आणखी फरक.

रक्तातल्या पेशी मोजायच्या तर त्याहून मेहनत. रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या असतात. ताप कसला, अंगात जंतू शिरलेत का, हे कळायला पांढऱ्या पेशींची मोजणी कामाला येते. त्यासाठी काचेवर बारीक चौकटी आखलेल्या असत. रक्त पातळ करून त्यावर सोडायचं आणि दुर्बिणीतून एकेका चौकटीतल्या पेशी मोजायच्या. एका नमुन्याला बराच वेळ लागे, डोळे दुखत, आणि दिवसाच्या शेवटी आलेल्या नमुन्याच्या वाट्याला थकलेले डोळे येत.

आपल्या महाराष्ट्रात लहान मुलांसाठी वेगळं रुग्णालय उभं राहिलं ते याच काळात. मुंबईत परळला गिरणगाव होतं. तिथल्या कामगारांच्या बायकांसाठी वाडिया घराण्यानं १९२६ मध्ये प्रसूतिगृह काढलं आणि १९२९ मध्ये शेजारीच बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झालं. आईचं नाव मुलांनी दवाखान्याला दिलं. आपल्या मुळशी-मावळातली माणसंही तेव्हा पोटासाठी मुंबईला जात होती.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांचं रक्त फार कमी होत होतं, त्यात बाया दगावत होत्या. विल्सबाईंनी त्यांचं रक्त तपासलं आणि त्या काय खातात, कशा राहतात, हेही पाहिलं. मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिल्यावर या बायांचं रक्त सुधारतं, हे त्यांनी १९३१ मध्ये जगाला सांगितलं. त्या अर्कातला गुण म्हणजे पुढं ज्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले ते. गरोदरपणात आपल्याला मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर ते असतं. म्हणजे त्या गोळीमागं मुंबईतल्या गिरणीकामगार बायांचं रक्त आहे, हे लक्षात ठेवा.

एका भोकातून एक पेशी

यंत्रानं मोजणं सुरू झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत शिकागोला वॉलेस कुल्टर नावाचे एक कारागीर डोक्याचे गृहस्थ होते. डॉक्टर नव्हते, विजेच्या उपकरणांची त्यांना जाण होती. त्यांच्या मनात आलं, पेशी डोळ्यांनी कशाला मोजायच्या?

आपण शेरडं-मेंढरं कशी मोजतो? सगळी मोकळ्या रानात असताना मोजली तर घोटाळा होतो. वाड्याच्या अरुंद दारातून एकेक आत सोडली की मोजणी बरोबर येते. कुल्टर यांनी तेच केलं. मिठाच्या पाण्यात थोडं रक्त मिसळायचं आणि ते अतिशय बारीक भोकातून ओढायचं. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. पेशी भोकात आली की क्षणभर वीज अडते. जितक्या वेळा अडली तितक्या पेशी. जास्त अडली तर पेशी मोठी, कमी अडली तर बारीक. पहिलं भोक त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदाला तापलेल्या सुईनं पाडलं होतं, असं सांगतात. १९५३ मध्ये त्यांना या युक्तीचं पेटंट मिळालं.

दुर्बिणीखाली माणूस काही शे पेशी मोजून अंदाज बांधायचा. हे यंत्र एका मिनिटाच्या आत हजारो पेशी मोजू लागलं. आणि ते थकत नव्हतं. सकाळचा पहिला नमुना आणि रात्रीचा शेवटचा, दोन्ही त्याला सारखेच.

रक्तातली साखर, युरिया अशा तपासण्यांसाठीही यंत्र निघालं. अमेरिकेतच क्लीव्हलंड गावात लिओनार्ड स्केग्ज यांनी ते तयार केलं आणि १९५७ मध्ये ते बाजारात आलं. एकाच लांब नळीतून एकामागून एक नमुने वाहत जायचे. एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मध्ये मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असायचे. आधी एक माणूस दिवसभर परीक्षानळ्या हलवत बसे, ते काम यंत्र करू लागलं.

यंत्र मोठ्यांच्या मापाचं

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. ही यंत्रं कोणाला नजरेसमोर ठेवून केलेली होती? मोठ्या माणसांना.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्याच्या दंडातून पाच मिलिलिटर घेतलं तर त्याला कळतही नाही. आता बाळाचा हिशेब करा. तान्ह्या बाळाच्या अंगात किलोमागं साधारण ८० ते ८५ मिलिलिटर रक्त. तीन किलोचं बाळ असेल तर सगळं मिळून २५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या मोठ्या पेल्याएवढं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं एक किलोचं बाळ असेल तर ९० मिलिलिटरच्या आसपास. अशा बाळाला काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं. त्याच्या रोज तपासण्या होतात. रोज एक मिलिलिटर म्हटलं तरी दहा दिवसांत त्याच्या अंगातलं दहाव्या भागाहून जास्त रक्त तपासणीतच जातं. तपासणीसाठी घेतलेल्या रक्तामुळेच बाळाचं रक्त कमी होतं आणि मग बाहेरचं रक्त चढवावं लागतं, हे डॉक्टरांना माहीत असलेलं दुखणं आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर तपासणीचीच भीती बसेल. पाच-सहा किलोच्या, चांगल्या अंगाच्या बाळाचं अर्धा मिलिलिटर रक्त घेतलं तर तो हजारातला एखादा भाग झाला. त्यानं बाळाला काही होत नाही. “रक्त काढलं की पोर खंगतं” म्हणून तपासणी टाळू नका. काळजी आहे ती अपुऱ्या दिवसांच्या आणि फार आजारी बाळांची.

तर बालरुग्णालयांच्या प्रयोगशाळांपुढं पेच पडला. यंत्र वेगानं मोजतं, पण त्याला नमुना जास्त लागतो. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर हवा ओढते ना, तसंच. यंत्राची सुई नळीत उतरते, पण तळाशी थोडं रक्त उरावंच लागतं, नाहीतर ती हवा ओढते. मोठ्या माणसाच्या नळीत हे चालून जातं. बाळाच्या नळीत असतातच आठ-दहा थेंब. त्यातले दोन-चार नळीत तसेच राहिले तर मोजायचं काय?

म्हणून मोठ्यांच्या प्रयोगशाळा यंत्रावर गेल्या, तरी मुलांचे नमुने बराच काळ हातानंच केले जात होते. १९५० च्या दशकात अमेरिकेतले सॅम्युएल नॅटेलसन आणि त्यांच्यासारखे काही जण थोड्या थेंबांवर तपासणी कशी करायची, याच्या पद्धती बसवत होते. केसासारखं बारीक भोक असलेली काचेची नळी टाचेच्या थेंबाला लावली की रक्त आपोआप वर चढतं. त्या नळीभर रक्तावर काम भागवायचं. हळूहळू यंत्र करणाऱ्यांनाही ते कळलं. आताची यंत्रं दोन-तीन थेंबांत रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी देतात. मुलांसाठी छोट्या नळ्या आल्या, तळ वर उचललेल्या नळ्या आल्या. तरीही कित्येक ठिकाणी मोठ्यांच्या नळ्या पट्ट्यावरून आपोआप यंत्रात जातात आणि मुलांची छोटी नळी मात्र माणसाला हातानं यंत्राच्या सुईखाली धरावी लागते.

डब्यावरची खूण

एवढ्या नळ्यांत आपल्या लेकराची नळी कोणती, हे यंत्राला कसं कळतं? ही युक्ती मुळशीच्या माणसांना सांगायला नको. आपल्याकडची, मावळातली, जुन्नर-खेडची माणसं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ मुंबईत जेवणाचे डबे पोचवतात. डब्यावर रंगानं खूण असते. कुठल्या स्टेशनात चढला, कुठं उतरणार, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर जाणार, सगळं त्या खुणेत. डबा चार हात बदलतो, पण ज्याचा त्यालाच मिळतो आणि रिकामा होऊन ज्याच्या त्याच्या घरी परत येतो.

नळीवर काळ्या रेघांची चिठ्ठी चिकटवतात, तिला बारकोड म्हणतात. ती म्हणजे डब्यावरची खूण. यंत्र रेघा वाचतं आणि कोणाचा नमुना, कोणती तपासणी, हे ओळखतं. पण डब्यावर खूण चुकीची मारली तर डबेवाला तरी काय करणार? बाळाचं नाव अजून ठेवलेलं नसतं. “सुनीताचं बाळ” अशा तीन नळ्या एका दिवशी आल्या तर? म्हणून आईचं पूर्ण नाव, बाळाची जन्मतारीख आणि वेळ बरोबर लिहिली का, हे आपण तिथंच पाहायचं. चिठ्ठी लेकराच्या समोर, रक्त घेतल्याबरोबर लागली पाहिजे.

जन्मतारखेचं आणखी एक कारण आहे. आकडा बरोबर असला तरी तो कोणाच्या मापानं वाचायचा? नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं. मग दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत ते आपोआप दहा-अकरापर्यंत उतरतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अकराच्या खाली गेलं तर रक्त कमी आहे असं आपल्याकडच्या कार्यक्रमात धरतात. यंत्राला वयच चुकीचं सांगितलं तर ते मोठ्यांचं माप लावतं. मग चांगल्या बाळापुढं लाल खूण येते, नाहीतर आजारी बाळ नजरेतून सुटतं.

कागदावर वाळलेला थेंब

या इतिहासात एका बापाची गोष्ट आहे. अमेरिकेतले रॉबर्ट गथ्री यांचा मुलगा मतिमंद होता. त्यांच्या भाचीला असा एक जन्मजात आजार निघाला, जो वेळेवर कळला असता तर केवळ खाणं बदलून तिचं डोकं वाचलं असतं. १९६० च्या सुमारास गथ्री यांनी साधी युक्ती काढली. जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून दोन-चार थेंब टीपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचे. नळी नको, बर्फ नको. एकाच ठिकाणी हजारो बाळांचे कागद तपासता येतात.

आज त्याच कागदावरून थायरॉइडची तपासणीही होते. आपल्या देशात साधारण हजार-बाराशे बाळांमागं एका बाळाला जन्मतःच थायरॉइडचा रस कमी असतो. असं बाळ जन्मल्यावर अगदी बरं दिसतं. शांत असतं, फार रडत नाही, बायका म्हणतात, “किती गुणी आहे!” महिने जातात आणि मग कळतं, की मान धरत नाही, ओळखत नाही. तोवर मेंदूचं नुकसान झालेलं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत कळलं आणि रोजची एक स्वस्त गोळी सुरू झाली, तर तेच लेकरू शाळेत इतरांसारखं शिकतं. गोव्यानं २००८ मध्ये सरकारी दवाखान्यांत जन्मणाऱ्या बाळांसाठी अशी तपासणी सुरू करून दाखवली. आपल्याकडे ती सगळीकडे आपोआप होतेच असं नाही. म्हणून बाळंतीण घरी यायच्या आधी विचारायचं, “बाळाची टाचेच्या रक्ताची थायरॉइड तपासणी झाली का?”

आकडा कसा काढला ते विचारा

रक्त कुठून घेतलं आणि कशावर मोजलं, यानं किती फरक पडतो? देशभराच्या आकड्यांतच तो दिसला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. घरोघरी जाऊन लेकरांच्या बोटातला नाहीतर टाचेतला थेंब हातातल्या छोट्या यंत्रावर मोजला. पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६७ मुलांचं रक्त कमी निघालं. महाराष्ट्रात ६९. त्याच्या थोडं आधी, २०१६ ते २०१८ मध्ये, मुलांच्या पोषणाची दुसरी मोठी पाहणी झाली होती. तिच्यात शिरेतून रक्त घेतलं आणि थंड पेटीतून प्रयोगशाळेत नेऊन मोठ्या स्वयंचलित यंत्रावर मोजलं. एक ते चार वर्षांच्या शंभरातली ४१ मुलं कमी रक्ताची निघाली.

कुठं ६७ आणि कुठं ४१! वर्षं आणि वयं थोडी वेगळी आहेत, हे खरं. पण जाणकारांचं म्हणणं असं, की यातला मोठा फरक थेंबाचा आहे. बोट दाबून दाबून रक्त काढलं की त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि रक्त पातळ दिसतं. दुधात पाणी पडल्यावर फॅट कमी लागावं, तसं. या वादानंतर सहाव्या फेरीतून रक्ताची ही मोजणी वगळण्यात आली. याचा अर्थ लेकरं ठणठणीत आहेत असा मुळीच नाही. शंभरात ४१ हाही आकडा झोप उडवणारा आहे.

आणि रक्त कमी का झालं, हे मोजणीतून सगळं कळत नाही. लोह कमी असेल, जंत असतील, थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारखा घराण्यातून आलेला आजार असेल. ब-१२ जीवनसत्त्वही कमी असू शकतं. आपल्याच पुणे जिल्ह्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. दर तीन आयांपैकी दोघींच्या रक्तात ब-१२ कमी होतं. फॉलिक ॲसिड भरपूर आणि ब-१२ कमी, अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच पुढच्या मधुमेहाची लक्षणं रक्तात दिसू लागली होती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुंबईच्या गिरणीकामगार बायांपासून सुरू झालेली गोष्ट अशी पुण्याजवळच्या शेतकरी बायांपर्यंत आली. दोन्ही वेळा यंत्रानं नाहीतर दुर्बिणीनं आकडा दिला, पण कारण सापडलं ते बाया काय खातात, कशा राहतात, हे विचारल्यावर.

नमुना घाटातून जातो तेव्हा

आता आपल्या मुळशीकडे या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठं यंत्र बसवणं होत नाही. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये मोफत तपासण्यांची योजना आखली आणि आपल्या राज्यात महालॅब आलं. दवाखान्यात रक्त घेतात, गाडी नमुने गोळा करून प्रयोगशाळेला नेते आणि अहवाल परत येतो. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या राज्यातल्या पालघरहून सुरू झाला, त्यात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. म्हणजे यंत्र लांब असलं तरी वाट आहे.

पण त्या वाटेवर बरंच काही घडतं. ताम्हिणीच्या बाजूला दिवसचे दिवस पाऊस कोसळतो, रस्ते बंद होतात, वीज जाते. नमुना उन्हात राहिला, गाडीत हिंदकळला, उशिरा पोचला, तर जगातलं कितीही चांगलं यंत्र खरा आकडा देऊ शकत नाही.

आजींच्या नातीचं नेमकं काय झालं, हे आम्ही नंतर समजून घेतलं. पावसात भिजून आलेली पोर, पाय गारठलेले. गार टाचेतून रक्त येईना, म्हणून दाबून दाबून काढलं. थेंब हळूहळू पडले आणि नळीतल्या औषधात मिसळायच्या आधीच गोठले. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. रक्त घेतल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करावी लागते. गुठळी झाली की यंत्र तसं सांगतं आणि आकडा धरायचा नाही, हे प्रयोगशाळेतल्या माणसाला कळतं. म्हणजे यंत्रानं “नाही” म्हटलं, ते बरंच केलं. चुकीचा आकडा आला असता आणि त्यावर औषध दिलं गेलं असतं, तर ते जास्त वाईट होतं.

चूक सिस्टरचीच होती असंही आम्ही म्हणत नाही. त्या एकट्या होत्या, बाहेर रांग होती. पण थोडी माहिती आपल्याकडे असती तर दुसरी सुई टळली असती.

म्हणून, बायांनो, एवढं लक्षात ठेवा. रक्त द्यायच्या आधी बाळाचे पाय सुक्या फडक्यात गुंडाळून आपल्या हातांनी उबदार करा. टाचेच्या मधोमध टोचत नाहीत, कडेला टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात, तो वाया गेला म्हणून हळहळू नका. सुई लागताना बाळ अंगावर पीत असलं तर त्याला दुखणं कमी जाणवतं, तेव्हा “बाळाला पाजू का?” असं विचारा. सगळ्या तपासण्या एकाच वेळी होतील का, हे विचारा, म्हणजे रोज रोज टोचावं लागणार नाही. चिठ्ठीवरचं नाव आणि जन्मतारीख वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून, आशाताईंकडून वाचून घ्या. आणि अहवाल केव्हा, कोणाच्या फोनवर येणार, हे विचारल्याशिवाय उठू नका. पेटीत ठेवलेलं अशक्त बाळ असेल तर डॉक्टरांना हात जोडून नव्हे, ताठ बसून विचारा, “आजवर किती रक्त घेतलं? कमी थेंबांत भागेल का?” हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या बालरुग्णालयांनीही स्वतःला विचारला, तेव्हाच यंत्रं लेकरांच्या मापाची होऊ लागली.

आजींना आम्ही हे सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “म्हणजे यंत्र शहाणं आहे, पण त्याला पोरीचे गार पाय दिसत नाहीत. ते आपणच बघायचं.”

नात आता चालायला लागली आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलाची रक्ताची तपासणी कधी झाली, आकडा किती आला आणि अहवाल हातात आहे का, हे सांगायचं. ज्यांची झालेली नाही, त्यांची यादी अंगणवाडीताईंकडे आपण गटानं मिळून देऊ.